सल्ला देणाऱ्याची अमानत



काही महिन्यांपूर्वी जुम्याची नमाज आटोपल्यावर एक तरुण मशिदीच्या हौजापाशी थांबून राहिला. सगळी मंडळी निघून गेल्यावर तो जवळ आला. शेवगावातच वाढलेला मुलगा, वडिलांचे लहानसे दुकान, घरात तोच पहिला पदव्युत्तर शिकलेला. सहा वर्षांपासून तो पुण्यातील एका सल्लागार कंपनीत काम करतो. कंपनीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. तो म्हणाला, "मौलाना, मी लागलो तेव्हा ती पेढी वेगळी होती. आमचे वरिष्ठ अहवालातील एकेक ओळ वाचत. ग्राहकाला नको असलेली गोष्टही तोंडावर सांगत. आता वर नवी माणसे आली आहेत. अहवालाचा निष्कर्ष आधी ठरतो आणि अभ्यास मागून होतो. आठ तास केलेल्या कामाचे बारा तास लिहायला सांगतात. उलट प्रश्न विचारणाऱ्याला दुसऱ्या कामावर पाठवतात. रात्रीचे अकरा वाजेपर्यंत कार्यालयात बसावे लागते. माझा पगार हलाल आहे का? आणि मी ही नोकरी सोडू का?"

मी त्याला त्याच क्षणी उत्तर दिले नाही. त्याने विचारलेला प्रश्न एक नव्हता, निदान तीन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. ते सोडवण्यासाठी आम्ही दोघे त्यानंतर तीनदा बसलो. त्या बैठकांतून जे हाती आले ते आपणांसमोर ठेवतो, कारण आज आपल्या तालुक्यातील किती तरी घरांतील मुले-मुली पुण्यातील अशा कार्यालयांत बसलेली आहेत आणि त्यांच्या आई-वडिलांना मुलगा 'कंपनीत आहे' यापलीकडे फारसे ठाऊक नसते.

अशी पेढी विकते तरी काय? तिच्याकडे कापसाचे गोदाम नसते, साखरेचा कारखाना नसतो. एखाद्या उद्योगाने किंवा सरकारी खात्याने विचारावे की हा प्रकल्प करावा की नाही, खर्च कोठे कमी करावा, माणसे किती ठेवावीत. आणि पेढीने अभ्यास करून उत्तर द्यावे. म्हणजे ती मत विकते. विकत घेणाऱ्याला ते मत तोलून पाहता येत नाही. पाहता आले असते तर त्याने पैसे मोजून विचारलेच नसते. वैद्य, वकील, हिशेब तपासनीस आणि दीनचा मसला सांगणारा आलिम हे सगळे याच रांगेत बसतात.

या रांगेविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक हदीस तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आली आहे. तिचा आशय असा की, ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार असतो. हे वचन आपण अनेकदा ऐकतो. परंतु ते कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे फार थोड्यांना माहीत असते. तो प्रसंग तिर्मिजीत सविस्तर आहे आणि आपल्या विषयासाठी तोच मुळाशी आहे.

एके दिवशी प्रेषित (स.), हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) हे तिघे भुकेने व्याकूळ होऊन घराबाहेर पडले आणि अबुल हैसम नावाच्या अन्सारी सहाबींच्या बागेत गेले. त्यांनी खजुराचा घड आणून समोर ठेवला, गोड पाणी दिले, बकरीचे पिलू कापून जेवू घातले. घरात नोकर नाही, पाणी आणायलाही ते स्वतःच जातात, हे प्रेषितांच्या लक्षात आले. आपल्याकडे कैदी आले तर या, असे त्यांनी सांगितले. पुढे दोन कैदी आले तेव्हा अबुल हैसम हजर झाले. प्रेषितांनी म्हटले, यांतील एक निवडा. ते म्हणाले, आपणच माझ्यासाठी निवडा. तेव्हा प्रेषितांनी वरील वचन उच्चारले, दोघांपैकी एकाकडे बोट दाखवले, याला मी नमाज पढताना पाहिले आहे असे कारण दिले आणि त्याच्याशी चांगले वागण्याची ताकीदही दिली.

यात किती गोष्टी आल्या ते पाहा. निवडण्याचे काम समोरच्याने विश्वासाने सोपवताच आपल्यावर अमानत येऊन पडली, ही जाणीव प्रथम बोलून दाखवली गेली. सल्ला दिला तो डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीच्या आधारावर, आणि तो आधार लपवला नाही. शिवाय ज्या माणसाविषयी सल्ला दिला जात होता, जो बिचारा त्या व्यवहारात गप्प उभा होता, त्याच्या हिताची अटही त्याच वाक्यात घातली. आजच्या भाषेत बोलायचे तर, एखादी पेढी कारखान्याला दोनशे कामगार कमी करण्याचा सल्ला देते तेव्हा ते दोनशे कामगार त्या खोलीत नसतात. अमानतीच्या हिशेबात मात्र ते असतात.

प्रसंग येथे संपत नाही. अबुल हैसम घरी आले, पत्नीला सगळे सांगितले. ती म्हणाली, प्रेषितांनी केलेली ताकीद पूर्ण करायची असेल तर याला मुक्त करण्यावाचून मार्ग नाही. त्यांनी तत्काळ त्याला मुक्त केले. ही वार्ता प्रेषितांना कळली तेव्हा त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा: अल्लाहने कोणताही नबी किंवा खलीफा असा पाठवला नाही ज्याच्याभोवती दोन प्रकारची निकटची माणसे नसतात, एक भलाईचा सल्ला देणारी, दुसरी त्याचा बिघाड करण्यात कसूर न ठेवणारी, आणि जो वाईट निकटवर्तीयांपासून वाचवला गेला तो वाचला. 'निकटवर्तीय' यासाठी हदीसमध्ये 'बिताना' हा शब्द आहे. तो कपड्याच्या अस्तरालाही वापरतात. वरून कापड कितीही भरजरी असले तरी अंगाला लागते ते अस्तर. मला वाटते, एखादी संस्था का बिघडते याचे याहून नेमके निदान क्वचितच केले गेले असेल. प्रमुखाभोवतीचे अस्तर बदलते आणि मग सगळा अंगरखा टोचू लागतो.

याचे अलीकडच्या काळातील एक उदाहरण पाहू. ते अमेरिकेतील आहे, पण त्याचा एक धागा आपल्या कोकणात येऊन पोहोचतो.

१९१३ साली शिकागो येथे आर्थर अँडरसन नावाच्या तरुण हिशेब तपासनीसाने आपली पेढी सुरू केली. नॉर्वेहून आलेल्या कुटुंबातला, लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपलेला हा माणूस. सरळ विचार करावा आणि सरळ बोलावे, ही आईची शिकवण त्याने पेढीचे ब्रीद केली. सुरुवातीच्या दिवसांत एका रेल्वे कंपनीने सोयीच्या हिशेबावर सही मागितली. त्याने शहरातील सगळी संपत्ती दिली तरी सही करणार नाही असे सांगितले आणि ग्राहक गमावला, अशी हकीकत त्या पेढीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असे. १९४७ साली तो वारला. पेढी वाढत गेली. हिशेब तपासण्याबरोबर ती उद्योगांना सल्लाही देऊ लागली, आणि सल्ल्याच्या कामात पैसा अधिक होता. पुढे सल्लागार शाखा वेगळी झाली, १ जानेवारी २००१ पासून तिने ॲक्सेंचर हे नाव घेतले. परंतु मूळ पेढीने स्वतःकडेही सल्ल्याचे काम पुन्हा वाढवले होते.

या पेढीचा एक मोठा ग्राहक होता ह्यूस्टन शहरातील एन्रॉन. हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. गुहागर तालुक्यात अंजनवेल येथे दाभोळचा वीजप्रकल्प उभारणारी हीच कंपनी. १९९३ साली जागतिक बँकेने या प्रकल्पाला अर्थसाह्य देण्यास नकार दिला होता. तो आर्थिक दृष्ट्या परवडणारा नाही असे तिचे मत होते. सल्ला स्पष्ट होता, पण तो कोणाला नको होता. करार झाला, १९९५ मध्ये रद्द झाला, फेरबदल करून पुन्हा झाला, मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, विजेचा दर राज्य वीज मंडळाला झेपेना आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. दाभोळच्या सल्ल्याशी अँडरसन पेढीचा संबंध होता असे माझे म्हणणे नाही. एन्रॉनचे हिशेब तपासण्याची जबाबदारी मात्र तिच्यावर होती.

२००० या एका वर्षात या ग्राहकाकडून पेढीला हिशेब तपासणीचे सुमारे २ कोटी ५० लाख डॉलर आणि सल्ल्याचे व इतर कामांचे सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर मिळाले. ५ फेब्रुवारी २००१ रोजी पेढीचे वरिष्ठ भागीदार एकत्र बसले. एन्रॉनच्या हिशेबातील धोक्यांची चर्चा झाली, हा ग्राहक ठेवावा की सोडावा हा प्रश्न निघाला. हे उत्पन्न १० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकेल असेही बोलले गेले. ग्राहक ठेवायचा असे ठरले. पेढीच्या नियम-विभागातील कार्ल बास नावाचे भागीदार एन्रॉनच्या हिशेबांना सातत्याने हरकत घेत होते. ग्राहकाने तक्रार केली आणि त्याच वर्षी त्यांना त्या कामावरून बाजूला करण्यात आले.

बंधू-भगिनींनो, येथे क्षणभर थांबा. त्या शेवगावच्या तरुणाने हौजापाशी सांगितलेले वाक्य आठवा: उलट प्रश्न विचारणाऱ्याला दुसऱ्या कामावर पाठवतात. पेढी याच ठिकाणी बिघडते. कागदपत्रे जाळणे, फाडणे हे फार नंतरचे काम आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये ह्यूस्टनच्या कार्यालयात एन्रॉनची कागदपत्रे ढिगांनी फाडली गेली. २ डिसेंबरला एन्रॉनने दिवाळे काढले. जून २००२ मध्ये अँडरसन पेढी न्यायात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरली आणि ऑगस्टअखेर तिने हिशेब तपासणीचे परवाने परत केले. जगभरात तिच्याकडे सुमारे ८५ हजार माणसे कामाला होती. त्यांतील बहुतेकांनी एन्रॉनचा एकही कागद कधी पाहिला नव्हता. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा एकमताने रद्द केली, ज्युरीला दिलेल्या सूचनांत चूक होती म्हणून. पण तोवर पेढीच उरली नव्हती.

बुखारी शरीफमध्ये एक हदीस आहे. एका बद्दूने कयामतीविषयी विचारले तेव्हा प्रेषितांनी सांगितले की अमानत नष्ट केली जाईल तेव्हा तिची वाट पाहा. ती नष्ट कशी होते, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की कारभार जेव्हा लायक नसलेल्यांच्या हाती सोपवला जाईल तेव्हा. आपण हे वचन राज्यकर्त्यांना लावून मोकळे होतो. ते पेढीला लागू आहे, पतसंस्थेला लागू आहे, शाळेच्या संस्थेला आणि मशिदीच्या जमातीलाही लागू आहे.

मी हे दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहितो आहे असे वाटू नये. मदरशाचे शिक्षण संपवून मी प्रथम जेथे शिकवू लागलो तेथे एकदा मुलांच्या जेवणाचा हिशेब माझ्यासमोर सहीसाठी आला. जेवणारी मुले चाळीसच्या आसपास, कागदावर साठ. आणणारे गृहस्थ वयाने मोठे, मला मानणारे. त्यांनी 'दरवर्षी असेच असते' म्हटले आणि मी सही केली. वाचले नाही असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण मी वाचले होते. ती संस्था वाईट नव्हती. तेथे मुले खरोखर जेवत होती, कुरआन शिकत होती. तरीही तो आकडा माझ्या हाताखालून गेला. त्या तरुणाला उत्तर देताना मला ती सही आठवत होती, आणि म्हणूनच कदाचित मी त्याला घाईने 'सोडून दे' असे सांगितले नाही.

आता त्याच्या प्रश्नाकडे येऊ. त्यातील पहिला धागा होता कामाच्या ओझ्याचा. त्याला वाटत होते की ही तक्रार दीनच्या दृष्टीने गौण आहे, सहन करावी. तसे नाही. हजरत अबू जर (रजि.) यांची बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली हदीस आहे की तुमच्या हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत, त्यांच्या ताकदीबाहेरचे काम त्यांच्यावर टाकू नका आणि टाकलेच तर स्वतः हात लावा. सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अलै.) मदयनला पोहोचतात तेव्हा त्या वृद्ध बुजुर्गांची कन्या वडिलांना सुचवते की यांना कामावर ठेवा, कारण चाकरीसाठी उत्तम तो जो समर्थ आणि अमानतदार असेल (२८:२६). नोकराची ही पात्रता आपण नेहमी सांगतो. लगेच पुढच्या आयतीत मालक काय म्हणतो ते सांगायचे राहून जाते. आठ वर्षांचा करार, दहा पूर्ण केलीस तर ती तुझी खुशी, आणि मी तुला कष्टात टाकू इच्छित नाही, असा त्याचा आशय (२८:२७). मुदत ठरली, वाढीव काम ऐच्छिक ठरले, मालकाने स्वतःला बांधून घेतले. २०२४ साली पुण्यातील एका मोठ्या लेखापरीक्षण पेढीत नव्याने लागलेल्या तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या असह्य ताणाविषयी तिच्या आईने पेढीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. ताणामुळे मृत्यू झाला हे पेढीने मानले नाही. त्या वादात न पडताही एवढे म्हणता येते की त्या आईने विचारलेला प्रश्न या आयतीतलाच होता. तुमची मुलगी रात्री अकराला फोनवर 'अजून कार्यालयात आहे' म्हणते तेव्हा अभिमानाने शेजाऱ्यांना सांगण्यापूर्वी तिने जेवण केले का, हे विचारा.

परंतु ओझे हा मुलावर होणारा जुलूम आहे. त्याने पगार हराम होत नाही. उलट तो पगार त्याने दुप्पट कमावलेला असतो.

दुसरा धागा अधिक गंभीर. आठाचे बारा तास लिहिणे. सूरह अल-मुतफ्फिफीन आपणांपैकी अनेकांना तोंडपाठ आहे. घेताना पुरेपूर मापून घेणाऱ्या आणि देताना माप मारणाऱ्यांच्या विनाशाची ती वार्ता आहे. तासांचा तक्ता हे त्या पेढीचे माप आहे. आणि ठरलेल्या निष्कर्षाला अनुकूल आकडे शोधून अहवाल सजवणे हे काय आहे? आपल्या शेवगावात कापसाचा व्यवहार करणाऱ्यांना ते समजावून सांगावे लागणार नाही. गाडीच्या वरच्या थरात कोरडा, पांढरा कापूस आणि आत हात घातला की ओल. वजन वाढवण्यासाठी मारलेले पाणी. मुस्लिम शरीफमध्ये आहे की प्रेषितांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, बोटांना ओल लागली. पाऊस लागला, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते भिजलेले वर का ठेवले नाही, असे विचारून प्रेषितांनी बजावले की फसवणारा माझ्यातला नाही. जाणीवपूर्वक चुकीचा सल्ला देणाऱ्याने आपल्या भावाचा विश्वासघात केला, या आशयाची हदीस अबू दाऊदमध्ये वेगळी आहेच.

"पण मौलाना, निष्कर्ष साहेब ठरवतात. मी फक्त तक्ते भरतो," तो म्हणाला.

याच वाक्यासाठी मी त्याला दुसऱ्यांदा बोलावले होते. व्याजाच्या हदीसमध्ये खाणारा आणि देणारा यांच्याबरोबर लिहिणारा व साक्षीदार हेही मोजले आहेत. लिहिणाऱ्याच्या खिशात व्याजाचा पैसाही जात नाही. तरी तो मोजला गेला, कारण त्याच्या लेखणीवाचून तो व्यवहार उभा राहत नाही. कुरआनची आज्ञा आहे की नेकी आणि तकवा यांत एकमेकांना साह्य करा, पाप आणि अत्याचारात करू नका (५:२). आणि हजरत मूसा (अलै.) यांच्या हातून मिसरमध्ये एक माणूस मारला गेल्यावर त्यांनी रबसमोर जी प्रतिज्ञा केली ती मी त्याला काढून दाखवली: तू माझ्यावर कृपा केलीस, आता मी कधीही गुन्हेगारांचा पाठीराखा होणार नाही, असा तिचा आशय (२८:१७).

हे दूर पुण्यातच घडते असे नाही. शेअर बाजारात गुंतवून दरमहा भरघोस परतावा देऊ म्हणणारी कार्यालये आपल्या तालुक्यात गावोगाव निघाली, आणि २०२४ मध्ये त्यांतील अनेकांचे चालक रातोरात पसार झाले. लोकांनी जमिनी विकलेले, दागिने मोडलेले पैसे गेले. त्या कार्यालयांत काचेच्या टेबलामागे बसून पावत्या लिहिणारे कोण होते? कोणाचे तरी मुलगे, कोणाचे तरी भाचे. त्यांतील किती जणांना आत ओल आहे हे जाणवले असेल, आणि किती जणांनी हात घालून पाहिले नसेल, हे अल्लाहलाच ठाऊक.

मग पगाराचे काय? हनफी फिकहच्या ग्रंथांत संमिश्र मालाविषयीची चर्चा आहे: देणाऱ्याच्या मालातील बहुतांश भाग हलाल असेल तर त्याच्याकडून घेणे जायज. पेढीचे बहुतेक काम सचोटीचे असेल आणि मुलगा स्वतः करीत असलेले काम जायज असेल, तर त्याचा मेहनताना जायज आहे. ज्या विशिष्ट कामात त्याने जाणूनबुजून खोटे लिहिले तेवढ्या कामाचा मोबदला साफ नाही. हा हिशेब त्याने स्वतः करावा आणि तपशील घेऊन मुफ्ती साहेबांकडे जावे, असे मी सांगितले. पेढीची प्रकृती न पाहता येथून फतवा देणे हाही सल्ल्याच्या अमानतीत खोट करण्यासारखेच झाले असते.

तिसरा धागा त्याच्या बोलण्यात सर्वांत लांब होता आणि मसल्याच्या दृष्टीने सर्वांत छोटा. जुने प्रमुख प्रत्येकाला नावाने ओळखत, ईदला शिरखुर्म्यासाठी घरी येत. नवे कोणाकडे बघत नाहीत. जुने गेले, आता सगळे हिशेबी. हे दुःख खरे आहे. परंतु नव्या साहेबाचा रूक्षपणा हा शरई गुन्हा नव्हे, आणि कार्यालयातील चहाच्या टपरीवर रोज त्याची उणीदुणी काढणे ही गीबत आहे. इमाम नववी यांनी रियाजुस्सालिहीनमध्ये ज्या सहा प्रसंगी पाठीमागे बोलणे जायज ठरते ते सांगितले आहेत: जुलमाची दाद मागताना, वाईट थांबवण्यासाठी मदत घेताना, मसला विचारताना, इतरांना धोक्यापासून सावध करताना, उघड दुराचाऱ्याच्या उघड कृत्याविषयी, आणि केवळ ओळख पटवण्यासाठी. हजरत हिंद (रजि.) यांनी पती कंजूष असल्याचे प्रेषितांना सांगून मार्ग विचारला, तो याच आधारांपैकी एक. म्हणजे मला हौजापाशी सांगितले ते जायज होते. टपरीवर तेच वाक्य तेच राहत नाही. मी हे सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला की मग आमच्या कार्यालयात बोलायला काहीच उरणार नाही.

सोडावे की राहावे? त्याच्या वडिलांचे म्हणणे होते, राहा. त्याच्या धाकट्या बहिणीचे शिक्षण चालू आहे, दुकानात आता पूर्वीसारखा धंदा नाही. या म्हणण्याला लोभ म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. ज्यांचे पोषण आपल्यावर आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे एवढेच माणसाच्या पापासाठी पुरे आहे, या आशयाचीही हदीस आहे. हजरत यूसुफ (अलै.) यांनी मिसरच्या बादशहाकडे कोषागाराची जबाबदारी मागितली, तीही आपण जतन करणारे आणि जाणकार आहोत असे सांगून (१२:५५). ती राजवट काही आदर्श नव्हती. तिने त्यांना अनेक वर्षे निरपराध तुरुंगात ठेवले होते. चांगला माणूस उठून गेला की ती खुर्ची रिकामी राहत नाही.

तेव्हा मी त्याला सुचवले ते इतकेच. प्रथम बोल. दीन म्हणजे हितचिंतन, या अर्थाची हदीस आपण ज्यांच्या हाताखाली आहोत त्यांनाही लागू आहे. चारचौघांत नको, एकांतात बोल; आवाज न चढवता, तारखा व आकडे घेऊन, आणि नंतर तेच नम्रपणे लेखी कळव. कायदा ज्याला फसवणूक म्हणतो ते असेल तर पेढीतील तक्रारीचा मार्ग वापर. खरे तास लिही. खोटा अहवाल समोर आला तर तेवढ्याला नकार दे, संपूर्ण पेढीशी भांडण काढू नकोस. नकारानंतरही तेच करून घेतले जात असेल तर तेथे राहण्याचे कारण संपले; पण निघतानाही करार पाळायचा (५:१), सूचनेची मुदत पूर्ण करायची, ग्राहकांची कागदपत्रे घरी आणायची नाहीत. आणि तोपर्यंत दुसरी नोकरी शोधण्यात काहीही कमीपणा नाही. तकवा बाळगणाऱ्यासाठी अल्लाह वाट काढतो (६५:२) यावर माझा विश्वास आहे. ती वाट किती महिन्यांनी निघेल हे मात्र मी त्याला सांगू शकलो नाही.

आई-वडिलांसाठी एक गोष्ट. स्थळ पाहताना आपण मुलाचे पॅकेज विचारतो. कधी तरी हेही विचारावे की तुझ्या सहीने काय जाते.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. आठ तासांचे आठच लिहिले. साहेबांनी कारण विचारले, त्याने सांगितले. दोन दिवसांनी त्याला त्या प्रकल्पावरून काढून एका लहान कामावर बसवले. पगार चालू आहे, या वर्षीची बढती गेली. दोन ठिकाणी अर्ज केले आहेत. मी त्याला त्याची तब्येत विचारली, तो म्हणाला झोप लागते आहे.

जुहरच्या नमाजेनंतर त्याचे वडील भेटले. मी काही बोलण्याआधीच त्यांनी विचारले, "मौलाना, या कंपन्यांत सोडण्याआधी किती महिने कळवावे लागते हो?" त्याच्या करारात तीन महिने आहेत, असे मी सांगितले. त्यांनी बोटांवर मोजले आणि म्हणाले, "म्हणजे कापसाचा हंगाम येईल तोवर. चालेल."